‘जाऊ मी सिनेमात?’ : एका जुन्या प्रश्नाचे नवे वाचन

शांता आपटे यांचे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले. मराठी वाङ्मयेतिहासाच्या मुख्य प्रवाहात त्याची चर्चा क्वचितच आढळते. ते आत्मचरित्र नाही, म्हणून स्त्रियांच्या आत्मचरित्रांच्या अभ्यासात ते बसत नाही. ते चित्रपटांचे रसग्रहण नाही, म्हणून चित्रपटसमीक्षेनेही त्याला आपले म्हटले नाही. एका लोकप्रिय नटीने, चित्रपटसृष्टीत येऊ इच्छिणाऱ्यांना समोर ठेवून, त्या धंद्याची केलेली ती कठोर चिकित्सा आहे. शीर्षकातला प्रश्न एखाद्या मुलीने घरातल्या थोरल्या माणसाला विचारावा इतका साधा आहे. उत्तर मात्र ‘जा’ किंवा ‘जाऊ नकोस’ एवढ्यावर भागत नाही, आणि तेच या पुस्तकाचे मोल आहे.

हे पुस्तक आज पुन्हा वाचावे असे आम्हांस वाटले, त्याला एक ताजे निमित्त आहे. रेल्वे, सिंगरेणीच्या खाणी, सिमेंटचा कारखाना, शाळामास्तरकी आणि दुकानदारी यांच्या निमित्ताने पिढ्यांपूर्वी गोदाकाठी येऊन स्थिरावलेल्या आपल्या घरांतील नाती-पणत्या आता शिक्षणासाठी हैदराबादेस आणि पुण्यास जातात. चित्रकला, संगणक, ध्वनी, कथालेखन अशा नाना वाटांनी त्यांच्यापैकी काहीजणी संगणकावरील खेळ, म्हणजे व्हिडिओ गेम, तयार करणाऱ्या धंद्याच्या दारापाशी पोहोचत आहेत. “खेळाच्या कंपनीत कसले आले आहे काम?” असे घरातले वडीलधारे विचारतात. या प्रश्नात काळजी आहे, पण एक गैरसमजही आहे, आणि तो केवळ आपल्या घरांचा नाही. तो त्या धंद्याने स्वतःच जगभर जोपासला आहे. हा खेळ आहे, येथे सगळे मित्र आहेत, येथे कामाचे नियम लावायचे नसतात, अशी ती समजूत. तिची किंमत स्त्रियांनी कशी मोजली आणि ती मोजल्याचे सांगणाऱ्या स्त्रियांचे शब्द कसे वाचले गेले, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम शांताबाईंकडे वळू. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरास स्थापन झाली आणि १९३३ मध्ये पुण्यास आली. ‘अमृतमंथन’ (१९३४), ‘अमरज्योती’ (१९३६) या चित्रपटांतून शांता आपटे यांचे नाव झाले, आणि ‘कुंकू’ने (१९३७) ते घरोघरी पोहोचले. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर व्ही. शांताराम यांनी काढलेला हा चित्रपट आपल्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिला असेल. फसवून वृद्ध विधुराच्या गळ्यात बांधली गेलेली नीरा तो संसार मान्य करण्यास ठाम नकार देते. ती रडत बसत नाही आणि पळूनही जात नाही; त्याच घरात राहून ‘हे मला पटलेले नाही’ असे दररोज आपल्या वागण्यातून सांगते. मराठी चित्रपटातील नायिकेच्या तोंडी इतका निःसंदिग्ध नकार त्यापूर्वी क्वचितच आला असेल.

‘कुंकू’ला दोन वर्षे झाली आणि जुलै १९३९ मध्ये हीच नटी आपल्याच कंपनीच्या फाटकाशी उपोषणास बसली. वाद कराराचा आणि पगाराचा होता. ज्या कंपनीने नीरेचा नकार पडद्यावर आणून मानसन्मान मिळवला, त्याच कंपनीच्या दाराशी नीरेची भूमिका करणारी स्त्री कामगार म्हणून आपले म्हणणे मांडत होती. या प्रसंगात कोणाची बाजू किती न्याय्य होती याचा निवाडा आम्ही करू इच्छीत नाही. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते पुढचे. त्या उपोषणाची जी चर्चा झाली ती बव्हंशी नटीच्या स्वभावाची झाली, तिच्या तापटपणाची आणि प्रसिद्धीच्या हौसेची. करारात काय होते, पगार कसा ठरत असे, दिवसाचे किती तास काम चाले, हे प्रश्न बाजूला राहिले. आजही चित्रपटांच्या गप्पांत तो प्रसंग एका तिखट नटीचा किस्सा म्हणूनच रंगवून सांगितला जातो.

‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक या प्रसंगानंतर वर्षभरात आले, आणि ते त्या चर्चेला दिलेले उत्तर आहे असे आमचे वाचन आहे. लेखिकेने स्वतःच्या दुःखाची कहाणी सांगून सहानुभूती मागण्याचा मार्ग टाळला आहे. चित्रपट म्हणजे भांडवल, यंत्रे, कच्चा माल आणि माणसांचे श्रम यांतून तयार होणारी वस्तू होय, या पायावर तिने सारी मांडणी उभी केली आहे. नटी ही या कारखान्यातली श्रमिक आहे. तिचा चेहरा, आवाज, झोप, तब्येत हे सारे त्या उत्पादनात खर्ची पडते, आणि हा खर्च मालकाच्या हिशेबाच्या वहीत कोठेच दिसत नाही. ‘मला त्रास झाला’ या वाक्यातून ‘हा धंदा असा चालतो’ या वाक्याकडे झालेला हा प्रवास आहे. व्यक्तीच्या गाऱ्हाण्याला विचाराची उंची देणारे असे लेखन त्या काळी मराठी स्त्रीने केले होते, आणि आपण ते नटीचे पुस्तक म्हणून फडताळात ठेवून दिले.

करमणुकीचा धंदा दारी आला की तो आपल्याला कारखाना म्हणवून घेत नाही. तो आपल्याला कुटुंब म्हणवतो, मंडळी म्हणवतो, मित्रांचा मेळा म्हणवतो. चित्रपटाच्या बाबतीत हे शंभर वर्षांपूर्वी झाले. व्हिडिओ गेमच्या बाबतीत ते आमच्या डोळ्यांदेखत झाले.

या नव्या धंद्यात स्त्रिया मागाहून आल्या, असाही एक समज आहे. तो खरा नाही. अमेरिकेत रोबर्टा विल्यम्स यांनी १९८० मध्ये ‘मिस्टरी हाउस’ रचला. डोना बेली यांनी अटारी कंपनीत ‘सेंटिपीड’ हा गाजलेला खेळ (१९८१) एका सहकाऱ्याच्या जोडीने घडवला. कॅरल शॉ यांनी ॲक्टिव्हिजन कंपनीसाठी ‘रिव्हर रेड’ (१९८२) लिहिला. नदीवरून विमान हाकण्याचा तो खेळ आपल्याकडील मुलांनीही टीव्हीला जोडायच्या स्वस्त यंत्रांवर खेळला आहे. स्त्रिया पायाच्या दगडांत होत्या. पुढे हा धंदा मोठा होत गेला, तसतसा तो ‘मुलग्यांचा’ म्हणून विकला जाऊ लागला, आणि ज्यांच्यासाठी तो विकायचा त्यांच्यासारख्यांनीच तो घडवावा असा उफराटा न्याय रूढ झाला.

त्या न्यायाचे फळ २०१८ नंतर जगापुढे आले. लॉस एंजेलिसच्या रायट गेम्स या कंपनीविषयी २०१८ च्या ऑगस्टमध्ये एक सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध झाला. तेथे नोकरी मागणाऱ्या स्त्रीची परीक्षा तिच्या कसबाची होण्याऐवजी ती ‘खरी खेळाडू’ आहे काय याचीच होत असे, असे त्यात अनेकींनी सांगितले होते. त्याच वर्षी स्त्री-कर्मचाऱ्यांनी कमी वेतन, अडवलेली बढती आणि छळ यांबद्दल दावा लावला. नोकरीच्या करारातच अशी अट होती की तक्रार न्यायालयात न नेता खाजगी लवादापुढे न्यावी. तिच्या निषेधार्थ मे २०१९ मध्ये शंभराहून अधिक कर्मचारी काम सोडून बाहेर आले. प्रारंभी सुमारे एक कोटी डॉलरची तडजोड सुचवली गेली होती. ती अपुरी आहे अशी हरकत कॅलिफोर्निया राज्याच्या यंत्रणेने घेतली, आणि डिसेंबर २०२१ मध्ये दहा कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्यांपैकी आठ कोटी स्त्री-कर्मचाऱ्यांसाठी होते. एक कोटी आणि दहा कोटी यांतील अंतर हे केवळ पैशांचे नाही. खाजगीत मिटवलेल्या अन्यायाचे मोल आणि उघड्यावर मोजलेल्या अन्यायाचे मोल यांतील ते अंतर आहे.

ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही दुसरी कंपनी. चाळीस वर्षांपूर्वी कॅरल शॉ यांचा खेळ काढणाऱ्या ॲक्टिव्हिजनचाच हा विस्तार. जुलै २०२१ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने दोन वर्षांच्या चौकशीनंतर तिच्यावर दावा दाखल केला. कर्मचाऱ्यांत स्त्रिया सुमारे वीस टक्के, त्यांना वेतन कमी, बढती उशिरा, आणि वातावरण वसतिगृहातल्या टवाळ पोरांचे, असे आरोप त्यात होते. तान्ह्या मुलांच्या आयांसाठी राखलेल्या खोलीतून त्यांना उठवून तेथे बैठका घेतल्या जात, हाही एक आरोप होता. दावे मोठमोठ्या शब्दांनी भरलेले असतात, पण कंपनी स्त्रीला कामगार मानते की पाहुणी, हे अशाच लहान तपशिलातून कळते. कंपनीने आरोप फेटाळले. तिचा तो प्रतिसाद पाहून हजारांवर कर्मचाऱ्यांनी निषेधपत्रावर सह्या केल्या आणि २८ जुलै २०२१ रोजी अर्वाइन येथील फाटकाबाहेर ते जमले. एका नटीचे १९३९ मधील एकाकी फाटक आणि हे गर्दीचे फाटक यांमध्ये ब्याऐंशी वर्षे आहेत. मागणी मात्र एकच, आम्हांला कामगार म्हणून ऐका.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. केंद्रीय समान-रोजगार आयोगाबरोबरच्या दाव्यात या कंपनीने एक कोटी ऐंशी लाख डॉलर दिले. त्या तडजोडीस मार्च २०२२ मध्ये मान्यता मिळाली. राज्याचा दावा डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे साडेपाच कोटी डॉलरवर मिटला, तेव्हा तो मुख्यतः वेतन आणि बढती यांच्यापुरता राहिला होता. कंपनीभर पसरलेल्या लैंगिक छळाचा आरोप राज्याने मागे घेतला आणि तो कोणत्याही न्यायालयाने वा स्वतंत्र चौकशीने सिद्ध केलेला नाही असे लेखी मान्य केले. म्हणून तक्रार खोटी होती असे काहीजण म्हणतील. तसा अर्थ त्यातून निघत नाही. तडजोड ही सत्याचा निकाल देत नाही, ती भांडण थांबवते. न्यायालयापुढे साक्ष तपासली जाण्यापूर्वीच पैसे देऊन प्रकरण मिटले की स्त्रीची साक्ष कायमची अधांतरी राहते, सिद्धही नाही आणि खोटीही नाही.

म्हणूनच फ्रान्समधील निकाल वेगळा ठरतो. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीतील तक्रारी २०२० च्या उन्हाळ्यात बाहेर आल्या. काही वरिष्ठांनी पदे सोडली. पॅरिसनजीकच्या बोबिन्यी येथील न्यायालयाने २ जुलै २०२५ रोजी तीन माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवले. संपादकीय विभागाचे माजी उपप्रमुख तोमा फ्रान्स्वा यांना लैंगिक छळ, मानसिक छळ आणि लैंगिक हल्ल्याचा प्रयत्न यांसाठी तीन वर्षांची, तर सर्जनविभागाचे माजी प्रमुख सेर्ज आस्कोएत यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तिसऱ्यास बारा महिन्यांची. सर्व शिक्षा स्थगित स्वरूपाच्या, सोबत दंड. स्कर्ट घातलेल्या एका स्त्री-सहकाऱ्याला सर्वांसमोर हातांवर उलटे उभे राहण्यास भाग पाडणे, असे प्रकार त्या खटल्यात आले. बचाव असा की तेथले वातावरणच थट्टामस्करीचे होते.

‘थट्टा होती’, ‘खेळ होता’ हा बचाव मराठी वाचकाला अपरिचित नाही. विजय तेंडुलकरांनी १९६७ मध्ये त्याच्यावर अख्खे नाटक लिहिले आहे. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधील हौशी नाटकमंडळी एका गावी प्रयोगासाठी येते आणि वेळ घालवायला लुटुपुटूचा खटला मांडते. आरोपी म्हणून लीला बेणारे हिला उभे केले जाते, कारण ती मंडळींतली मोकळी, हसरी, आपल्या शिकवण्याचा अभिमान असलेली बाई आहे. आरोप भ्रूणहत्येचा, तोही म्हणे गमतीचा. पाहतापाहता साक्षी खऱ्या होत जातात, तिचे खाजगी आयुष्य पिंजऱ्यात उभे राहते, आणि तिचा शिक्षिकेचा पेशा, जो तिने निष्ठेने सांभाळला, तोच हिरावला जाण्याची वेळ येते. ज्या प्राध्यापक दामल्यांचा या साऱ्याशी संबंध आहे ते मात्र रंगमंचावर कधी येतच नाहीत. आणि प्रयोगाची वेळ झाली की मंडळी पुन्हा भानावर येऊन सांगतात की मनाला लावून घेऊ नकोस, हा खेळ होता.

या नाटकाची समीक्षा आपल्याकडे पुष्कळ झाली. मध्यमवर्गीय दांभिकता, झुंडीची हिंसा, स्त्रीचे शोषण हे सारे मुद्दे आले. आम्हांस त्यातील एक गोष्ट अधिक अधोरेखित करावीशी वाटते. खेळ हे येथे केवळ निमित्त नाही, ते हत्यार आहे. खेळात सामील असणाऱ्याला तक्रारीचा हक्क नसतो. बेणारेबाई चिडली तर ती खिलाडूपणा नसलेली ठरते. हसली तर आरोप पुढे सरकतो. दोन्ही बाजूंनी कोंडी करण्याचे सामर्थ्य ‘खेळ’ या शब्दात आहे.

ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेत ‘गेमरगेट’ या नावाने जे घडले, ते या नाटकाचा प्रचंड विस्तारलेला प्रयोग होते. झोई क्विन यांनी ‘डिप्रेशन क्वेस्ट’ (२०१३) हा शब्दप्रधान खेळ केला होता. नैराश्याने ग्रासलेल्या माणसाचे दिवस त्यात खेळणाऱ्याला निवडीनिवडीने जगावे लागतात. क्विन यांच्या पूर्वीच्या जोडीदाराने दोघांच्या संबंधांचा तपशील जाहीर केला आणि त्यावरून एक आरोप उठला की एका पत्रकाराशी असलेल्या संबंधांमुळे त्या खेळाला अनुकूल परीक्षण मिळाले. त्या पत्रकाराने तसे परीक्षण लिहिलेच नव्हते. तरीही महिनोन्‌महिने धमक्यांचा मारा चालला. क्विन यांना घर सोडावे लागले, आणि ब्रायना वू यांच्यासारख्या इतर स्त्री-निर्मात्यांवरही तीच वेळ आली. खेळाबद्दलची चर्चा बघताबघता खाजगी चारित्र्याच्या खटल्यात बदलली, आणि खटला चालवणारे म्हणत राहिले की आम्ही पत्रकारितेच्या नीतीसाठी झगडत आहोत. काशीकर आणि सुखात्मे यांनाही नीतीचीच काळजी होती.

या झुंडीने समीक्षकालाही सोडले नाही, ही गोष्ट आमच्यासारख्या वाङ्मयमंडळाने विशेष लक्षात घ्यावी. अनिता सार्कीझियन यांनी २०१२ मध्ये व्हिडिओ गेममधील स्त्रीप्रतिमांची चिकित्सा करणारी मालिका योजली. नायकाने सोडवायची अबला, पार्श्वभूमीची शोभा, बक्षीस म्हणून मिळणारी वस्तू अशा साच्यांची ती मांडणी होती. आपल्याकडे कथा-कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रणाबद्दल असे लेखन केव्हापासून होत आले आहे. सहा हजार डॉलर मागितले, तर लोकांनी दीड लाखांहून अधिक दिले. दुसऱ्या बाजूने एकाने असा खेळ तयार केला की ज्यात त्यांच्या छायाचित्रावर ठोसे मारले की ते विद्रूप होत जाते. ऑक्टोबर २०१४ मध्ये यूटा स्टेट विद्यापीठातील त्यांच्या व्याख्यानापूर्वी सामूहिक हत्याकांडाची धमकी आली. त्या राज्याच्या कायद्यामुळे श्रोत्यांची शस्त्रांसाठी झडती घेता येणार नाही असे कळल्यावर त्यांनी व्याख्यान रद्द केले. समीक्षेला समीक्षेने उत्तर द्यावे हा आपला संकेत. येथे तिला ठोशांच्या खेळाने आणि बंदुकीच्या धमकीने उत्तर मिळाले.

आता असा प्रश्न येईल की पडद्यावरील प्रतिमा सुधारल्या म्हणजे धंदा सुधारेल काय? सार्कीझियन यांच्या समीक्षेचे महत्त्व मान्य करूनही आम्हांस येथे ‘कुंकू’ची आठवण होते. नीरेसारखी नायिका निर्माण करणे आणि नीरा साकारणाऱ्या स्त्रीचा करार सन्मानाने वाचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली साधली म्हणून दुसरी साधतेच असे नाही. समीक्षेने कलाकृतीतील स्त्री पाहिली. कलाकृती घडवणारी स्त्री तिच्या नजरेतून निसटली.

ती कशी निसटते याचा आपल्या घरचा दाखला म्हणजे हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’. ‘माणूस’मधून वाचकांपुढे आलेले आणि अरुण साधू यांनी शब्दांकित केलेले हे आत्मकथन राजहंस प्रकाशनाने १९७० मध्ये पुस्तकरूपाने काढले, श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ (१९७७) त्यावरूनच बेतला. ‘संत सखू’ (१९४१), ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७), ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) यांसारखे चित्रपट करणाऱ्या या अभिनेत्रीने कोवळ्या वयात घर चालवण्यासाठी काम सुरू केले. मिळकत तिची आणि व्यवहार दुसऱ्यांच्या हाती, हे त्या आयुष्याचे सूत्र राहिले. पुस्तकाचे स्वागत मात्र धीट कबुलीजबाब म्हणून झाले. मद्यपान, पुरुषांशी संबंध, संसाराची ओढ आणि फरफट यांवर रकानेच्या रकाने लिहिले गेले. पैसे कोण मोजत होते, करारावर कोणाच्या संमतीने सही होत होती, थकलेल्या देहाला सुट्टी मिळत होती काय, हे प्रश्न त्याच पुस्तकात पानोपानी असूनही बहुतेक वाचकांनी ते ओलांडून पुढचा सनसनाटी परिच्छेद गाठला.

शांताबाईंनी विचार मांडला, तो आपण स्वभाव म्हणून वाचला. हंसाबाईंनी जीवन सांगितले, ते आपण भानगड म्हणून वाचले. क्विन यांनी खेळ केला, तो जगाने कुलंगडे म्हणून वाचला. बाई कामाविषयी बोलली की ऐकणारा तिच्याविषयी बोलू लागतो. छळ करणारा एखादाच असतो. पण छळाची तक्रार चारित्र्याच्या चर्चेत बुडवणारे पुष्कळ असतात, आणि त्यांत सभ्य, सुशिक्षित वाचकही असतात.

अमेरिका आणि फ्रान्स येथील हे प्रकार आपल्याला काय सांगतात, असे कोणी विचारील. अंतर वाटते तेवढे नाही. युबिसॉफ्टने २००८ मध्ये पुण्यात स्टुडिओ घेतला, २०१८ मध्ये मुंबईत उघडला. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ मालिकेतील एका गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती याच दोन शहरांत घडत असल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले होते, आणि २०२२ मध्ये ते काम माँट्रियलकडे गेले. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंचा त्या फ्रेंच खटल्याशी संबंध नव्हता, हे स्पष्ट करणे आवश्यक आहे. मुद्दा इतकाच की ज्या पुण्याने प्रभातचे फाटक पाहिले, त्याच पुण्यात आता या नव्या करमणुकीची कलादालने उभी राहिली आहेत, आणि हैदराबादही मागे नाही. आपल्याच राज्यात, तेलुगू चित्रपटसृष्टीतील स्त्रियांच्या छळाच्या प्रश्नावर २०१९ मध्ये शासनाने उपसमिती नेमली. तिचा अहवाल २०२२ मध्ये सादर झाला, पण लोकांपुढे आला नाही. केरळातील हेमा समितीचा अहवाल ऑगस्ट २०२४ मध्ये खुला झाल्यावर तेलुगू अभिनेत्रींनीही आपला अहवाल खुला करण्याची मागणी केली. लिहिलेली साक्षही कुलूपबंद राहू शकते.

असे असले तरी शांताबाईंच्या काळी नव्हते ते एक साधन आज हाती आहे. विशाखा खटल्यातील १९९७ च्या निर्णयानंतर सोळा वर्षांनी, २०१३ मध्ये, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आला. दहा वा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती हवी आणि तिची अध्यक्ष स्त्री हवी. त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती. खेळ बनवणारे अनेक गट पाच-सहा जणांचेच असतात, म्हणून ही स्थानिक समिती महत्त्वाची. तक्रार सामान्यतः तीन महिन्यांच्या आत करावी लागते. सबळ कारण असल्यास मुदत आणखी तीन महिने वाढते. गोव्यातील एका प्रकरणाच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये या समित्या कागदावर राहू नयेत म्हणून सर्व राज्यांना निर्देश दिले. म्हणजे कायदा होऊन दहा वर्षे लोटल्यावरही समित्या आहेत की नाहीत हे विचारावे लागत होते. साधन आहे, पण ते मागून घ्यावे लागते.

आणि मागून घेणारीच्या पाठीशी घर असावे लागते. परमुलखात स्थिरावलेल्या कुटुंबांना आपले नाव जपण्याची सवय असते. चार घरे मराठी, त्यांत बोलबाला व्हायला वेळ लागत नाही, म्हणून “झाले ते झाले, नोकरी सोडून ये, पण वाच्यता नको” असा सल्ला आपण मायेने देतो. या मायेबद्दल आम्हांस शंका नाही. परंतु त्या सल्ल्याचा परिणाम असा होतो की छळणारा जागेवर राहतो, मुलगी परत येते, आणि तिच्या परत येण्याचे कारण म्हणून पुन्हा तिच्याच स्वभावाची चर्चा होते. एका कर्तबगार मुलीचे शिक्षण, उमेद आणि चाललेले काम आपण अब्रूच्या नावाने गमावतो, आणि तिच्या मागून येणारीला तेच दार तसेच भेटते.

‘जाऊ मी सिनेमात?’ या प्रश्नाला शांता आपटे यांनी धंद्याचा हिशेब समोर ठेवून उत्तर दिले. आपल्या मुलींनी आज ‘जाऊ मी गेमच्या कंपनीत?’ असे विचारले, तर तोच हिशेब आपणही त्यांच्यासोबत बसून मांडावा. करार वाचावा. तक्रार कोठे न्यायची, याबद्दल त्यात काय लिहिले आहे ते पाहावे. समितीत कोण आहे ते विचारावे, वेतन काय आणि तास किती हे लिहून घ्यावे. एवढे पाहून तिला जायचे असेल तर तिने जावे. ते तिचे कसब आहे आणि तो धंदा प्रारंभापासून तिच्याही मालकीचा आहे. पुढे कधी तिने काही सांगितले, तर ते कामाविषयी सांगितले आहे असे समजून आपण ऐकावे. आमच्या मंडळाच्या संग्रहासाठी ‘जाऊ मी सिनेमात?’ची प्रत मिळवण्याचा प्रयत्न चालू आहे. कोणाच्या घरी जुन्या पेटीत ती असल्यास कळवावे. नटीचे पुस्तक म्हणून नव्हे, तर मराठीतील एक महत्त्वाचा निबंध म्हणून आम्ही तिचे वाचन ठेवू इच्छितो.